शंभर गुणांचं एक मत

१० जून २०२२. मुंबईच्या विधानभवनात राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झालं, पण तक्रारी थेट दिल्लीला निवडणूक आयोगाकडे गेल्या आणि मोजणीला मध्यरात्र उलटली. निकाल लागला तेव्हा पहाट होत आली होती. पहिल्या पसंतीची मतं अशी होती: संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. निवडून आले महाडिक. तेव्हापासून हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे, की सत्तावीसवाला तेहेतीसवाल्याला हरवतो कसा?

उत्तर मतपत्रिकेतच आहे. इथे शिक्का नाही, बटण नाही. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने नावांसमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे. १ लिहिलाच नाही तर मत बाद. तो दोन नावांसमोर लिहिला तरी बाद. पेनसुद्धा तेच हवं. २०१६ मध्ये हरियाणात भलत्याच पेनाने लिहिलेली डझनभर मतं बाद ठरली आणि राज्यसभेचा निकाल फिरला.

मोजताना प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. त्या रात्री वैध मतं होती २८४, म्हणजे २८,४०० गुण. जागा सहा, म्हणून सहात एक मिळवून सातने भागायचं, उरलेली बाकी सोडून द्यायची आणि भागाकारात १ मिळवायचा. आकडा येतो ४,०५८. हाच कोटा. सातही उमेदवारांना तो गाठायचा असता तर २८,४०६ गुण लागले असते. तेवढे मुळात नव्हतेच. फक्त सहा गुण कमी, पण त्या सहा गुणांमुळेच सातवा माणूस सहाव्याच्या खुर्चीवर हक्क सांगू शकत नाही.

पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं होती. कोट्याच्या वरचे ७४२ गुण वाया जात नाहीत. ते ४८ मतपत्रिकांवर वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला १५ गुण येतात, आणि त्या पत्रिकेवर ज्याच्यापुढे २ लिहिलं असेल त्याच्याकडे ते जातात. दोघांच्या सगळ्या पत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांची धरली तर १,४४० गुणांची भर पडते. त्यांचे २,७०० त्यात मिळवा, ४,१४० होतात. कोटा पार.

ही रीत कुठून आली? सुरुवात एका शाळेत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्मिंगहॅममध्ये थॉमस राइट हिल नावाचे शिक्षक होते. त्यांच्या शाळेतली मुलं आपली समिती निवडताना आवडत्या उमेदवाराच्या शेजारी जाऊन उभी राहायची, असं सांगतात. एकाभोवती गरजेपेक्षा जास्त गर्दी झाली की जादा मुलं दुसऱ्याकडे सरकायची. ज्याच्याजवळ चारच जण उभे असतील, त्याची मुलंही आशा सोडून दुसरा जवळचा गडी बघायची. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की कुठल्याही मुलाला आपण हरलेल्या बाजूला उभे आहोत असं वाटून घरी जावं लागत नव्हतं. हिल यांचा मुलगा रोलंड म्हणजे पुढे पेनी पोस्टामुळे जगाला माहीत झालेला रोलंड हिल.

कागदावर ही रीत आणली डेन्मार्कच्या कार्ल आंद्रे यांनी. ते गणितज्ञ आणि अर्थमंत्रीही होते. १८५५ मध्ये त्यांनी पसंतीक्रमाची पद्धत कायद्यात घातली. जवळपास त्याच वेळी, त्यांची काही खबर नसताना, लंडनचे बॅरिस्टर थॉमस हेअर तिथेच पोचले आणि १८५९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. हेअर यांना अख्खा देश एकच मतदारसंघ करायचा होता. जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्यांची बाजू उचलून धरली, तरी इंग्लंडच्या संसदेने ती मानली नाही.

हेअर यांचा कोटा साधा होता: मतं भागिले जागा. त्या हिशेबाने २०२२ च्या रात्री ४७ च्या वर मतं लागली असती. जागांत एक मिळवून भागायची युक्ती १८६८ मध्ये हेन्री ड्रूप या इंग्रज वकिलाने सांगितली. विधानभवनाच्या आवारात आपण ज्याला नुसता ‘कोटा’ म्हणतो तो ड्रूप यांचा आहे, आणि त्यांचं नाव इथे फारसं कुणाला ठाऊक नाही.

एक अडचण तरीही उरली होती. जादा मतं सरकवायची, पण नेमक्या कुठल्या मतपत्रिका उचलायच्या? आंद्रे यांच्या रीतीत पेटीतून एकेक पत्रिका काढायची आणि कोटा भरला की पुढची पत्रिका दुसऱ्या नावाला द्यायची. म्हणजे निकाल पत्रिका कशा पिसल्या गेल्या यावर अवलंबून राहणार. १८८० मध्ये मेलबर्नच्या जे. बी. ग्रेगरी यांनी तोडगा काढला: निवडक पत्रिका कशाला, सगळ्याच सरकवा, फक्त प्रत्येकीची किंमत कमी करा. आपल्या ४८ पत्रिकांवरचे १५-१५ गुण हे ग्रेगरींचं देणं. अपूर्णांकांची कटकट नको म्हणून आपल्या नियमांनी मताचे १०० गुण केले. आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाच्या मोजणीत ते १,००० धरतात.

ही पद्धत वरिष्ठ सभागृहांनाच जास्त का मानवली, याचं कारण सरळ आहे. मतदार थोडे, लिहिते-वाचते, क्रम लावू शकणारे. डेन्मार्कने १८६६ मध्ये ती वरच्या सभागृहासाठी घेतली. दक्षिण आफ्रिकेच्या १९०९ च्या कायद्याने सिनेटसाठी घेतली. आपल्याकडे संविधानाच्या कलम ८० ने राज्यसभेला आणि कलम १७१ ने विधान परिषदेला ती दिली. महाराष्ट्राच्या परिषदेतले ७८ पैकी ३० सदस्य आमदार निवडतात, ते याच रीतीने. आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. १९५२ च्या पहिल्या सभागृहात कोण दोन वर्षांनी जाणार, कोण चार आणि कोण सहा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. तेव्हापासून जागा गटागटाने रिकाम्या होतात, आणि गटाने रिकाम्या होतात म्हणूनच कोट्याला अर्थ राहतो.

कारण जागा एकच असेल तर कोटा म्हणजे निम्मी मतं अधिक एक. नियमही बदलतो. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत एका जागेच्या मोजणीत पत्रिकेची किंमत १०० नव्हे, १ धरतात. एखादा सदस्य मधेच गेला, राजीनामा दिला, लोकसभेवर निवडून गेला, की ती जागा पोटनिवडणुकीने भरतात. नवा माणूस आधीच्याची उरलेली मुदतच भोगतो. आणि हिल यांच्या शाळेतला तो न्याय इथे संपतो. जो बहुमतात, जागा त्याची.

२०१९ मध्ये गुजरातेत हे उघड्यावर आलं. अमित शहा आणि स्मृती इराणी लोकसभेवर गेले आणि राज्यसभेच्या दोन जागा रिकाम्या झाल्या. दोघे २०१७ च्या एकाच निवडणुकीत निवडून आले होते, दोघांची मुदत एकच. आयोगाने मात्र दोन जागांसाठी दोन वेगळ्या पोटनिवडणुका लावल्या. १७५ आमदार धरले तर एकत्र निवडणुकीत ५९ मतांत एक जागा येते. वेगळ्या निवडणुकीत प्रत्येक जागेला ८८ मतं लागतात. काँग्रेसकडे सत्तरच्या घरात आमदार होते. सर्वोच्च न्यायालयाने मधे पडायला नकार दिला, दाद मागायची तर नंतर निवडणूक याचिका करा म्हणून सांगितलं. दोन्ही जागा भाजपच्या झाल्या. मला हे चुकीचं वाटतं. एकाच खेपेच्या दोन जागा एकदमच रिकाम्या झाल्या, तर त्या एकाच मतपत्रिकेवर भरायला हव्यात. महाराष्ट्रात २०२४ च्या पोटनिवडणुकीत हा वाद नव्हता. गोयल यांची मुदत २०२८ पर्यंत होती, उदयनराजे भोसले यांची २०२६ पर्यंत. खेपा वेगळ्या होत्या, आणि दोन्ही जागा बिनविरोध भरल्या गेल्या.

अनेक जागांची आणि एकाच जागेची, या दोन तऱ्हा एकाच माणसाच्या आयुष्यात वर्षभराच्या अंतराने आल्या होत्या. जुलै १९४६ मध्ये प्रांतिक विधानसभांच्या आमदारांनी संविधान सभा निवडली, याच पसंतीक्रमाने. मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना निवडून यायला पुरेसं बळ नव्हतं. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांच्या प्रयत्नांतून पहिल्या पसंतीची मोजकी मतं जुळली, जागा बऱ्याच असल्याने कोटा लहान होता, आणि तेवढ्या मतांवर ते संविधान सभेत गेले. बहुमत असलेल्या पक्षाला विचारावं लागलं नाही. मग फाळणी ठरली आणि बंगालची ती जागा हातातून गेली. इकडे मुंबईच्या जागांपैकी मुकुंदराव जयकरांची जागा त्यांच्या राजीनाम्याने रिकामी होती. एकच जागा, म्हणजे निम्मी अधिक एक. ती मतं फक्त काँग्रेसकडे होती. ३० जून १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं, की डॉ. आंबेडकर या सभेत हवेत, त्यांना लगेच निवडून पाठवा. जुलैत खेरांच्या पक्षाने जयकरांच्या जागेवर त्यांना निवडून दिलं. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली, त्यात त्यांचं नाव होतं.