चौथीनंतरची वेस

वऱ्हाडातल्या एखाद्या वयस्क माणसाला त्याचे शिक्षण विचारले, तर तो बहुधा ‘मराठी चौथी’ म्हणतो. साताऱ्याकडचा त्याच्याच वयाचा माणूस ‘फायनल’ म्हणतो, म्हणजे सातवी. दोघेही सांगतात ते एकच. गावची शाळा जिथे संपली, तिथे माझे शिक्षण संपले. फरक आहे तो शाळा संपण्याच्या जागेचा. एकाची गावातली शाळा चौथीला संपली, दुसऱ्याची सातवीला. हा तीन इयत्तांचा फरक कुठून आला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहायचे तर बुलडाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालसारख्या गावाच्या जागेवरून पाहावे. शेगावहून पूर्णा ओलांडून संग्रामपूरकडे निघाले की हे गाव लागते. आज तालुका संग्रामपूर असला, तरी पूर्वी हा मुलूख जळगाव तालुक्यात, म्हणजे जळगाव जामोदमध्ये होता, आणि १९०५ पर्यंत तर तो तालुकाच अकोला जिल्ह्यात होता. या भागाने जिल्हा बदलला, प्रांत बदलला, राज्य बदलले. दर बदलागणिक शाळेची शिडीही वेगळी झाली, आणि ती समजावून सांगायला पालकाजवळ एकच माणूस होता, गावचा मास्तर.

‘इयत्ता’ हा शब्द मुळात संस्कृत. इयत् म्हणजे इतके, आणि इयत्ता म्हणजे इतकेपणा, माप, मर्यादा. शाळेतल्या वर्गाला हा शब्द ज्याने लावला त्याला दाद द्यावी, कारण इंग्रजी अमदानीतल्या शाळेने खरोखर हेच केले. शिक्षणाला माप लावले. त्याआधीच्या पंतोजीच्या शाळेत इयत्ता नव्हती. पोरगे धूळपाटीवर अक्षर गिरवी, बाराखडी संपली की मोडीचा कित्ता घेई, उजळणीनंतर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ करी, मग व्याजाचे हिशेब. एकाला दोन वर्षे लागत, दुसऱ्याला पाच. नापास कोणी होत नसे, कारण पास होण्याची सोयच नव्हती. त्या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात मुली जवळजवळ नव्हत्या, अस्पृश्य मुलांना तर ओटाही चढता येत नव्हता, आणि छडी हीच अध्यापनपद्धती होती. पण एक गोष्ट तिच्यात होती. आपला मुलगा कुठवर आला, हे बापाला स्वतःला कळत असे. सावकाराची पावती पुढे टाकायची, वाचतो का पाहायचे. अडीचकी विचारायची. मधे कागद नव्हता.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पुढच्या काही दशकांत इथे सरकारी शाळाखाते उभे राहिले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. या प्रांतातली शिडी साधारण अशी होती: चार वर्षे प्राथमिक, चार वर्षे मिडल, तीन वर्षे हायस्कूल. अकरावीला मॅट्रिक. मुंबई इलाख्यातही मराठी चौथी आणि पुढे इंग्रजी सात इयत्ता मिळून अकराच वर्षे होत. पण तिथे इंग्रजीकडे न जाणाऱ्यासाठी मराठी शाळा सातवीपर्यंत चालू राहणारी एक मोठी वाट होती, आणि त्या शेवटाला व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला होता. त्या दाखल्यावर माणूस शाळामास्तर होई, तलाठी होई. वऱ्हाडातही मराठी मिडल शाळा होत्या, पण त्या थोड्या. खेड्यातल्या बहुसंख्य मुलांपुढे चौथीनंतर एकदम वेस होती. वेशीपलीकडे तालुक्याचे गाव, तिथे खोली, नातेवाइकाची ओसरी किंवा वसतिगृह, वर इंग्रजी आणि फी.

ही वेस ओलांडणे म्हणजे काय, हे पंजाबराव देशमुखांच्या चरित्रात दिसते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा हा शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८९८. शिक्षणासाठी पापळहून चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल असे गाव बदलत तो वर चढला आणि शेवटी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला. १९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले आणि १९३२ च्या सुमारास अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. या संस्थेच्या इतिहासाकडे आपण ‘बहुजनांच्या शिक्षणाची चळवळ’ अशा मोठ्या शब्दांतून पाहतो, ते बरोबरच आहे. पण तिचे रोजचे काम फार साधे होते: चौथी झालेल्या मुलाला पाचवी जवळ आणून देणे. विदर्भात पुढे शेकडो खासगी माध्यमिक शाळा उघडल्या, त्या पाचवी ते दहावी अशा. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘हायस्कुलात पाचवीला प्रवेश’ हे ऐकायला चमत्कारिक वाटते. वऱ्हाडात ते अगदी रोजचे वाक्य आहे.

वेशीअलीकडच्या शिक्षणात काय असावे, याचा वाद त्याहून जुना. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे असे मांडले, आणि त्यात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण यांच्या जोडीला शेती, नीती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे असे सांगितले. शेतकऱ्याला तपासता येईल असे शिक्षण ते मागत होते, असे मी समजतो. सरकारने ते ऐकले नाही. गोखल्यांचे १९११ चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयकही फेटाळले गेले. मध्य प्रांतात १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, तो स्थानिक संस्थांना सक्ती लागू करण्याची मुभा देणारा. मुभा असली तरी पैसा नव्हता, त्यामुळे खेड्यांना त्याचा लाभ फारसा झाला नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा वयापर्यंतची सलग सात वर्षांची नई तालीम मांडली. चौथीची वेस काढून टाकण्याचा हा पहिला स्पष्ट विचार, आणि तो आपल्याच प्रांतात झाला. पाठोपाठ रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली: गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर मास्तर पोसावा. नावावरून वाद झाला, मुस्लिम समाजाने विरोध केला, १९३९ मध्ये मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजना बारगळली. सात वर्षे पुन्हा चारांवर आली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मध्य प्रांतात तालुकावार जनपद सभा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या आणि शाळा तिसऱ्यांदा नव्या मालकाकडे गेली. म्हणजे १९५५ मध्ये पहिलीत बसलेल्या मुलाने मॅट्रिक होईपर्यंत तीन राज्ये पाहिली, आणि बाकावरून तो हललाही नाही. एका राज्यात दोन शिड्या नांदू लागल्या. त्यांचा मेळ घालायला दहा-बारा वर्षे गेली. १९६६ मध्ये राज्याचे परीक्षा मंडळ, १९६७ मध्ये बालभारती, १९७२ पासून दहा वर्षांचा नवा आराखडा. मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि त्याच वर्षी जुनी अकरावीही सुटली. एका घरातला थोरला अकरावीला, धाकटा दहावीला, आणि दोघेही ‘मॅट्रिक’. हे बापाला कसे समजावावे?

विषयांच्या पातळ्यांचा घोळ याच काळातला. जुन्या अकरावीला इंग्रजी आणि गणित यांत ‘हायर’ आणि ‘लोअर’ असे प्रकार असत. खालची पातळी घेतली की पास होणे सोपे, पण कॉलेजात पुढचे काही दरवाजे बंद. ही निवड कागदावर विद्यार्थ्याची आणि पालकाची असे. प्रत्यक्षात गणिताला मास्तर आहे की नाही यावर ती ठरे. पुढे दहावीला ‘सामान्य गणित’ हा पर्याय आला, तेव्हा तोच खेळ पुन्हा झाला. नववीत सही केलेल्या फॉर्ममुळे गणितासह विज्ञानाची वाट जवळपास संपली, हे घरच्यांना अकरावीच्या रांगेत कळले. २०१८-१९ च्या नव्या अभ्यासक्रमात तो पर्याय गेला. गेला ते चांगले की वाईट, याबद्दल दोन मते आहेत. माझ्या मते तो वाईट नव्हता, तो न समजावता दिला गेला हे वाईट.

इयत्तेच्या कागदात आणखी एक कागद आहे, दाखल-खारीज रजिस्टर. मुलाचे नाव शाळेत घालताना मास्तर त्यात जन्मतारीख आणि जात लिही. तारीख बापाला ठाऊक नसे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागतो का पाहायचे, लागला की पोरगे सहाचे धरायचे आणि १ जून किंवा १ जुलै टाकायची. विदर्भात १ जुलैचे वाढदिवस इतके का, त्याचे उत्तर एवढेच. जातीच्या रकान्यात कधी पोटजात, कधी धंदा, कधी आडनावच. पन्नास वर्षांनी नातवाच्या जातपडताळणीसाठी हेच पान शोधत माणसे शाळेत येतात: अनुसूचित जातीला १९५० पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना १९६१, इतर मागासवर्गाला १९६७. त्या दिवशी मास्तरने काय लिहिले, हे वाचता न येणाऱ्या बापाने खाली अंगठा दिला होता.

चौथीच्या वेशीवर सर्वांत जास्त मुली गळाल्या. पाचवी दुसऱ्या गावात, आणि मधे पावसाळ्यात फुगणारी नदी किंवा सडक. म्हणूनच अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास पाचवीपासून सुरू होतो, पहिलीपासून नाही. ज्याने ती ओळ लिहिली त्याला गळती कुठे होते हे नेमके माहीत होते.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याने पहिली ते आठवी हे एकच प्राथमिक शिक्षण ठरवले. महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. त्याप्रमाणे २०१३ पासून जिल्हा परिषदेच्या चौथीच्या शाळांना पाचवी आणि सातवीच्या शाळांना आठवी जोडणे सुरू झाले. नई तालीमने जे सुचवले त्याच्या जवळ आपण पंचाहत्तर वर्षांनी आलो. पण विदर्भात त्या पाचवीवर खासगी हायस्कुलांच्या तुकड्या आणि शिक्षकांच्या नोकऱ्या उभ्या होत्या. संचमान्यतेत मुले कमी पडली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात हायस्कुलाचे शिक्षक चौथी पास मुलांच्या घरी येतात. कोणी वह्या देतो, कोणी गणवेश, कोणी आटोची सोय. ज्या वेशीवर शंभर वर्षे पालक हात जोडून उभा होता, तिथे आता शाळा त्याला बोलवायला येते, आणि तरी त्याला कळत नाही की मुलगी गावातच पाचवीत ठेवावी की नाही. त्याला कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्या दोघांचाही त्यात हिशेब आहे. जुनी शाळा दाखला लवकर सोडत नाही, नवी शाळा दाखल्याशिवाय घाई करते. कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नसल्यामुळेही नाही.

प्रगतिपुस्तकात आता टक्के नाहीत, अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आहेत. २०१० पासून त्या आल्या, नापास करणे थांबले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षा महाराष्ट्रात परत आल्या. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीची होती, २०१७ मध्ये ती पाचवी-आठवीची झाली. दुसरीकडे ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून मुलाला घरी जाऊन एक कागद वाचायला देतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. आई दारात उभी राहून ऐकते. अ-२ म्हणजे काय हे तिला माहीत नसले, तरी पोरगी गोष्टीत अडखळली की नाही हे तिला ऐकू येते. पंतोजीच्या काळची पावती बऱ्याच दिवसांनी पुन्हा वाचून पाहिली जाते आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तिसरी ते पाचवी हा एक टप्पा, सहावी ते आठवी दुसरा, नववी ते बारावी तिसरा. त्यात चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये रेघच नाही. २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गात तो आराखडा आला, आणि त्याच वर्षी अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला, म्हणजे संग्रामपूर तालुक्यातल्या मुलानेही पसंतीक्रम भरायचा. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले २०२९ च्या उन्हाळ्यात चौथी पास होतील. तोवर वऱ्हाडातल्या हायस्कुलांच्या पाट्यांवर ‘इयत्ता ५ ते १०’ हेच लिहिलेले असेल की काही बदलेल, ते त्यांच्या आईबापांना तेव्हा मे महिन्यातच कळेल.