बीडची सून, निजामाची मुलकी

गेल्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला गाठलं होतं. त्यांच्या मुलाचं लग्न अमेरिकेची नागरिक असलेल्या मुलीशी ठरलंय. ते म्हणाले, "सर, बायकोमुळं नवऱ्याला तिथं कायमचं राहायला मिळणार, हे ऐकायलाच नवल वाटतं. आपल्याकडं असं कधी होतं का?" उत्तराला त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून आज देतो. आपल्याकडं होतं, याच बीड जिल्ह्यात होतं. फक्त एकाच बाजूनं होतं.

सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. आष्टीची हद्द संपली की नगर जिल्हा, म्हणजे मुंबई इलाखा, इंग्रजांचा मुलूख. भाषा एक, दैवतं एक, सोयरीक एक. पण इकडं हाली शिक्का, तिकडं कलदार. इकडं कचेरीचा कारभार उर्दूत आणि फसली सनात. माल न्यायचा तर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. आमच्या आईचं माहेर जामखेडकडचं आणि सासर आष्टी तालुक्यातलं. एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेत तिनं राज्य बदललं. तिला ते कळलंही नसेल, पण कायद्याला कळलं होतं.

तो कायदा म्हणजे मुलकी नियम. एकोणिसाव्या शतकात सालारजंगांनी कारभार सुधारायला उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली. मोठ्या जागा त्यांच्याकडं गेल्या आणि स्थानिकांची तक्रार सुरू झाली. मुलकी म्हणजे या मुलखाचा, गैरमुलकी म्हणजे बाहेरचा. पुढं १९१९ साली निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानं नियम पक्के झाले. सरकारी नोकरी मुलकी माणसालाच. बाहेरच्याला घ्यायचं तर खास परवानगी.

मग मुलकी कोण? नियमात चार वाटा होत्या. एक, जन्मानं, म्हणजे जन्माच्या वेळी बाप मुलकी असला पाहिजे. दोन, रहिवासानं. किमान १५ वर्षं संस्थानात कायम राहायचं, मूळ गावी परतायचा विचार सोडायचा आणि तसं मॅजिस्ट्रेटपुढं प्रतिज्ञापत्र करायचं. तीन, जन्माच्या वेळी बाप सरकारी नोकरीत असावा आणि त्याची १५ वर्षं नोकरी झालेली असावी. आणि चौथी वाट, मुलकी माणसाची बायको असणं.

आता गंमत बघा. नगरकडची मुलगी बीडची सून झाली की ती मुलकी. नगरकडचा माणूस बीडमध्ये घरजावई म्हणून आला तर? त्याला १५ वर्षं आणि प्रतिज्ञापत्र. बायको इथली म्हणून त्याला सवलत नाही. उलट गैरमुलकीशी लग्न केलं म्हणून तिचंच मुलकीपण जाणार. नियमात स्पष्ट होतं: मुलकी बाईनं गैरमुलकीशी लग्न केलं तर ती गैरमुलकी. नवरा वारला किंवा कायदेशीर फारकत झाली, आणि ती परत येऊन इथं स्थायिक झाली, तर पुन्हा मुलकी.

हे आमच्या आत्यावर बेतलं. आम्ही जन्मण्याआधीची गोष्ट, घरात अनेकदा ऐकलेली. आत्या आष्टीकडं जन्मली आणि नगर जिल्ह्यात दिली. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी आली. मराठी सातवी झालेली. मुलींच्या शाळेत शिकवावं असं तिच्या मनात होतं. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "मुलकी का गैरमुलकी?" ती म्हणाली, "इथंच जन्मले की मी." त्यानं सांगितलं, नवरा वारल्याचा दाखला आणा, इथं कायमच्या राहता याचा दाखला आणा. आजोबांनी खेटे घातले. कागद हातात आले तोवर जागा भरली होती. ज्या गावात नाळ पुरली, त्या गावची आहे हे सिद्ध करायला तिला नवऱ्याच्या मरणाचा कागद लागला.

एकट्या निजामाला बोल लावू नका. अमेरिकेनं १९०७ च्या कायद्यानं परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या स्वतःच्या मुलींचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. १९२२ साली तो नियम बराचसा मोडला. इंग्रजी कायद्यातही ही कल्पना होती आणि ती पुरती गेली १९४८ च्या कायद्यानं. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या भाषेत सांगायचं तर या कायद्यांनी बाईला व्यक्ती मानलंच नाही, एका व्यक्तीचं विशेषण मानलं. विशेष्य बदललं की विशेषण बदलणार.

संस्थान गेलं, नियम लगेच गेले नाहीत. १९५२ साली हैदराबादेत मुलकीसाठी विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेलंगणात वाद चालूच राहिला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानं ते नियम वैध ठरवले आणि पुढच्या वर्षी घटनादुरुस्ती करून तिढा सोडवावा लागला.

आणि आपला स्वतंत्र भारताचा कायदा? १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात विवाहाच्या आधारावर नोंदणीची वाट होती, पण मूळ शब्द होता 'स्त्रिया': भारतीय नागरिकांशी विवाह झालेल्या स्त्रिया. भारतीय मुलीच्या परदेशी नवऱ्याला ती वाट नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीनं तिथं 'व्यक्ती' हा शब्द आला. एक शब्द बदलायला ३१ वर्षं लागली.

तर त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं. तुमच्या मुलाला बायकोमुळं रहिवास मिळेल, यात कमीपणा नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर आधी दोन वर्षांचा सशर्त परवाना मिळतो, मग संसार खरा आहे हे दोघांनी मिळून दाखवायचं. सरकारं संशयी तेव्हाही होती, आजही आहेत. फरक एवढाच की आज तिथं सुनेला एक आणि जावयाला दुसरा असा नियम नाही. हा फरक लहान वाटत असेल, तर एकदा आमच्या आत्याच्या जागी उभं राहून बघा.