स्टोव्हचा भडका : एका यंत्रदोषाचा आणि एका सबबीचा इतिहास

१/ पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळरानांवर कारखाने उभे राहू लागले. कारखान्यांमागोमाग कामगार आले, चाळी आल्या. एका खोलीच्या संसारात धुराची चूल मांडणे अवघड होते. तिची जागा रॉकेलच्या स्टोव्हने घेतली.

२/ पंपाच्या स्टोव्हचे मूळ स्वीडनमधले. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो घडवला. टाकीत पंपाने हवा भरली की दाबामुळे रॉकेल नळीतून वर चढते. तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, ती निपलच्या सूक्ष्म छिद्रातून वेगाने बाहेर पडते आणि निळ्या ज्योतीने जळते.

३/ त्याचे दोष ठरलेले होते. छिद्र काजळीने तुंबले की पिन मारावी लागे. पंप हलका लागून दाब धरत नसेल, तर चामड्याचा वायसर वाळलेला असे. तेलाच्या थेंबांनी तो मऊ करीत, नाहीतर बदलीत. काकड्याने बर्नर पुरेसा तापण्याआधीच पंप मारला, तर वाफेऐवजी पातळ रॉकेल उसळून पेट घेई. हाच भडका. अशा वेळी किल्ली सैल करून टाकीतली हवा सोडणे हा उपाय.

४/ वातीच्या स्टोव्हची रीत निराळी. त्यात पंप नाही, म्हणून दाबही नाही. वाती कमीजास्त झाल्या की ज्योत पिवळी पडे आणि भांडी काळी होत. त्या समान कापल्या की ज्योत सुधारे. रॉकेलमध्ये पाणी असले की ज्योत तडतडे. खरा धोका पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतण्यात होता. १९७० च्या दशकात इंडियन ऑइलने कमी इंधनात अधिक उष्णता देणारा ‘नूतन’ हा वातीचा स्टोव्ह विकसित केला.

५/ याच काळात ‘स्टोव्हच्या भडक्याने विवाहितेचा मृत्यू’ ही वर्तमानपत्रांतली नेहमीची बातमी झाली. काही अपघात खरेच होते : जमिनीवरचा स्टोव्ह, सुटलेला पदर, पटकन पेटणारी कृत्रिम धाग्याची साडी. परंतु स्त्री-संघटनांनी एक साधा प्रश्न विचारला. स्टोव्ह सासूही पेटवते, नणंदही पेटवते. मग भाजून मरते ती बहुधा नवी सूनच का?

६/ येथे यंत्राचे ज्ञान पुराव्याच्या कामी येते. टाकी खरोखर फाटली आहे काय? स्टोव्ह पंपाचा होता की वातीचा? पंपच नसलेला स्टोव्ह ‘दाबाने फुटला’ असे कसे म्हणता येईल? भडक्यात रॉकेल बर्नरपाशी उसळते. मग ते मृतेच्या केसांत कसे पोहोचले? जी माहिती दुरुस्ती करणाऱ्याला पोटापाण्यासाठी लागे, तीच पंचनाम्यात जबाब खरा की खोटा हे तपासण्यास उपयोगी पडे.

७/ कायदा पुढे सरकला. १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आले; पती व सासरच्यांनी केलेला छळ गुन्हा ठरला. त्याच वर्षी, विवाहानंतर ७ वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदनासह चौकशी करण्याची तरतूद झाली. १९८६ मध्ये कलम ३०४-ब ने ‘हुंडाबळी’ हा स्वतंत्र गुन्हा मानला. त्यात भाजून झालेल्या मृत्यूचा स्पष्ट उल्लेख होता.

८/ पुढे घरोघरी गॅस आला. पिन, वायसर, काकडा हे शब्दही मागे पडले. जुन्या बातम्या चाळताना ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द दिसले, तर तेथे थांबावे. तो यंत्राचा दोष होता की माणसांचा, हे त्या शब्दांवरून ठरत नाही. त्यासाठी टाकी, बर्नर आणि पंचनामा पाहावा लागतो.