अजिंठा आधी नदीनं कोरला

आज हेडफोन लावून आपण फैजपूरहून निघूया. तापी ओलांडायची, भुसावळ, जामनेर, पहूर करत फर्दापूर गाठायचं. हो, अजिंठाच! पण आज चित्रांबद्दल नाही, लेण्यांखालून वाहणाऱ्या वाघूर नदीबद्दल बोलायचंय.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि थंड होऊन काळा बेसाल्ट झाला. तोच खडक कापत वाघूरनं घोड्याच्या नालेसारखी वळणदार दरी तयार केली. लेण्यांचा कडा सुमारे ७६ मीटर उंच. दरीच्या टोकाला सातकुंडाचा धबधबा, एका कुंडातून दुसऱ्यात उतरणारा.

आता विचार करा, बौद्ध भिक्खूंनी हीच जागा का निवडली असेल? पावसाळ्यात त्यांना एका ठिकाणी मुक्काम करायचा असे. इथं पाणी होतं, एकांत होता, कोरायला उभा कडा होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास काम सुरू झालं. पुढे पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, ते पुन्हा जोरात चाललं. तेव्हा लेण्यांतून थेट नदीपर्यंत पायऱ्या उतरत होत्या. म्हणजे त्यांचं अंगण नदीच!

मग लेणी विस्मरणात गेली. २८ एप्रिल १८१९ ला शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली. पठ्ठ्यानं दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून ठेवलं!

१९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारसा झाला. आज खासगी गाड्या चार किलोमीटर अलीकडेच थांबवतात, पुढं बसनं जावं लागतं. धूर चित्रांपासून लांब राहावा म्हणून. छान आहे हे. पण चित्रांचा एक मोठा शत्रू म्हणजे ओल. डोंगरावरचं पाणी खडकाच्या भेगांतून आत झिरपतं. म्हणजे नुसत्या दारावर पहारा ठेवून भागत नाही, वरचा डोंगर अन् खालची नदीही सांभाळावी लागते.

आणि ही नदी तिकीटघराशी संपत नाही. पुढे तिच्यावर वाघूर धरण आहे, जळगाव शहर तेच पाणी पितं. सातकुंडाशी टाकलेली बाटली पुरात खालीच येणार ना भाऊ!

पुढच्या वेळी गेलात की सेल्फीनंतर एकदा खाली वाकून बघा. पहिला कारागीर अजून तिथं काम करतोय.

भेटू पुढच्या भागात!