सनद आणि सरहद्द

वकिलाने एका राज्यात सनद मिळविली असता, दुसऱ्या राज्यात जाताना त्याला पुन्हा परीक्षेस बसावे लागावे काय? या प्रश्नाचा इतिहास जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखातून पाहिला, म्हणजे चांगला उलगडतो.

जव्हार व मोखाडा हे परस्परांचे शेजारी. दोहोंकडे वारली, कोकणा, ठाकूर यांची वस्ती. परंतु १९४८ पूर्वी जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा होता. मोखाड्याचा दावा चढत चढत मुंबई हायकोर्टापर्यंत जाई; जव्हारची न्यायव्यवस्था मात्र संस्थानची. ब्रिटिश हद्दीतील सनद संस्थानी हद्दीत आपोआप चालत नसे. डोंगर तोच, पण कायद्याची वेस निराळी!

१९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व ती वेस पुसली गेली. तथापि प्रांताप्रांतांतील भिंती उरल्याच होत्या. कारण प्रत्येक हायकोर्ट आपल्या वकिलांची यादी स्वतंत्र ठेवीत असे. न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांच्या समितीने १९५३ साली सर्व देशाच्या एकत्रित वकीलवर्गाची शिफारस केली, आणि तीतूनच पुढे १९६१ चा अधिवक्ता अधिनियम आला.

त्याची रचना शाळेच्या पटासारखी आहे. विद्यार्थ्याचे नाव एका वेळी एकाच शाळेच्या पटावर असते. तसेच वकिलाचे नाव एकाच राज्य वकील परिषदेच्या पटावर राहते. राज्य बदलावयाचे असल्यास कलम १८ अन्वये भारतीय वकील परिषदेकडे अर्ज करावा. नाव नव्या पटावर जाते, त्यास शुल्क नाही आणि नवी परीक्षाही नाही. मात्र शिस्तभंगाची चौकशी चालू असेल, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. पट न बदलताही देशभर वकिली करण्याचा हक्क देणारे कलम ३० त्याच अधिनियमात होते. पण ते अमलात यावयास १५ जून २०११ उजाडावा लागला. पन्नास वर्षे ते कागदावरच होते! त्याच वर्षी नव्या पदवीधरांसाठी अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली. परंतु ती राज्यागणिक नसून सर्व देशासाठी एकच आहे.

अमेरिकेत आजही प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा असतो. अनेक राज्ये मात्र काही वर्षे वकिली केलेल्यांस नव्या परीक्षेवाचून सामावून घेतात.

परंतु सनदेची सरहद्द मिटली, एवढ्याने पक्षकाराचे काम होत नाही. दूरच्या पाड्यावरील माणसास वकिलाची फी आणि वाट, या दोन सरहद्दी आजही आहेत. १९८७ च्या विधी सेवा अधिनियमाने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. वकिलास सारा देश मोकळा झाला; आता हा हक्क पाड्यापाड्यावर ठाऊक व्हावा, म्हणजे न्यायाची वाटही मोकळी होईल.