मुंबई-पुण्याच्या आधी परभणीला ग्रंथालयाचा कायदा मिळाला होता, तो कसा?

गावातलं वाचनालय म्हटलं की डोळ्यासमोर येतात पुस्तकांची कपाटं, पेपर चाळत बसलेली मंडळी आणि नोंदवहीत मान घालून बसलेला ग्रंथपाल. हे वाचनालय चालावं म्हणून महाराष्ट्रात एक स्वतंत्र कायदा आहे, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे असा कायदा परभणीत मुंबई-पुण्याच्या आधी आला होता.

सुरुवात एका ग्रंथपालापासून

शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. काम इतकं कंटाळवाणं वाटलं की काही दिवसांतच ते परत शिकवायला जायला निघाले होते. पण विद्यापीठाने त्यांना इंग्लंडला पाठवलं. तिथे कामगारांपासून लहान मुलांपर्यंत सगळ्यांना पुस्तकं देणारी ग्रंथालयं त्यांनी पाहिली आणि परत आले ते कायमचे ग्रंथपाल होऊन.

पुढची वीस वर्षं ते दिवसाला तेरा-तेरा तास, सुट्टी न घेता काम करायचे असं सांगितलं जातं. लग्नाच्या दिवशी दुपारी ते कामावर हजर होते, हा किस्साही प्रसिद्ध आहे. भारतात १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन साजरा होतो, तो त्यांच्याच जयंतीनिमित्त.

रंगनाथन यांचं म्हणणं सोपं होतं. वाचनालय कुणा दानशूर माणसाच्या मर्जीवर चालत असेल, तर तो माणूस गेला की कुलूप लागतं. म्हणून वाचनालयाला कायद्याचा आधार आणि हक्काचा पैसा हवा. १९३० मध्ये त्यांनी बनारसच्या शिक्षण परिषदेत ग्रंथालय कायद्याचा नमुना मांडला. त्यात स्थानिक कराबरोबर ग्रंथालयासाठी थोडा उपकर घ्यावा, असा मुद्दा होता.

पहिला मान कोल्हापूरचा

भारतात ग्रंथालयांसाठी पहिला कायदा केला तो कोल्हापूर संस्थानाने, १९४५ मध्ये. त्यानंतर १९४८ मध्ये रंगनाथन यांच्या प्रयत्नांना यश आलं आणि मद्रासचा कायदा झाला.

मुंबई प्रांतात १९३९ मध्ये एक समिती नेमली गेली होती. तिचे अध्यक्ष होते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य असफ अली असगर फैजी. खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी उभी करा, असं या समितीने सुचवलं. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यातला काही भाग अमलात आला, पण कायदा काही झाला नाही. अनुदान सरकारी योजनेतून मिळायचं, म्हणजे योजना बदलली की अनुदान बदलणार.

मग परभणीत काय झालं?

परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. निजामाच्या काळात शिक्षण आणि कारभाराची भाषा उर्दू, सभा-संमेलनांवर निर्बंध. अशा वेळी मराठी वाचनालय म्हणजे केवळ पुस्तकांची जागा नव्हती, मराठी माणसांनी एकत्र यायची ती जागा होती. परभणीचं गणेश वाचनालय त्याच काळातलं.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला आणि परभणीसह मराठवाडा त्याखाली आला. तेव्हा मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांपैकी कुठेही असा कायदा नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच संपलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला.

सगळ्यांसाठी एक कायदा

हा तिढा सोडवला १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने. १ मे १९६८ पासून तो लागू झाला. राज्य ग्रंथालय परिषद, ग्रंथालय संचालनालय आणि ग्रंथालय निधी अशी रचना आली. निधीत सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, अशी तरतूद झाली. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळू लागलं.

रंगनाथन यांचा उपकराचा मुद्दा मात्र महाराष्ट्राने घेतला नाही. वाचनालय चालवायचं लोकांच्या संस्थेने आणि मदत करायची सरकारने, असा मार्ग निवडला. त्याचा फायदा म्हणजे गावोगावी लोकांनीच वाचनालयं काढली. तोटा असा की अनुदान किती वाढणार आणि कधी येणार, हे सरकारच्या हातात राहिलं. पुस्तकं, पेपर, वीजबिल आणि पगार, सगळं त्यातूनच भागवायचं असतं. म्हणूनच वाचनालयांचे कर्मचारी वर्षानुवर्षं वेतनश्रेणी मागत आले आहेत.

वाचनालयाला हक्काचा पैसा हवा, हे रंगनाथन १९३० मध्ये सांगत होते. परभणीतल्या एखाद्या खेड्यात संध्याकाळी वाचनालयाचं दार उघडणाऱ्या ग्रंथपालाचं मागणंही आज तेच आहे.