३२०० फेथॉन

३२०० फेथॉन हा अतिशय लांबट कक्षेतून सूर्याभोवती फिरणारा पृथ्वीसमीप लघुग्रह आहे. डिसेंबर महिन्यात दिसणाऱ्या मिथुन उल्कावर्षावाचा तो जनक मानला जातो. उल्कावर्षाव सहसा धूमकेतूंच्या अवशेषांतून निर्माण होतात. येथे मात्र जनक लघुग्रह आहे. त्यामुळे लघुग्रह आणि धूमकेतू यांच्यातील सीमारेषेच्या अभ्यासात फेथॉनला विशेष महत्त्व आहे.

शोध व नामकरण

११ ऑक्टोबर १९८३ रोजी सायमन ग्रीन व जॉन डेव्हिस यांना ‘आयरास’ या अवरक्त किरणांचे वेध घेणाऱ्या उपग्रहाच्या निरीक्षणांत ही वस्तू आढळली. कृत्रिम उपग्रहाच्या साहाय्याने शोधला गेलेला हा पहिला लघुग्रह होय. त्याला प्रथम ‘१९८३ टीबी’ हे तात्पुरते नाव मिळाले. सूर्याच्या अगदी निकट जाण्याच्या गुणामुळे पुढे त्याला ग्रीक पुराणकथेतील सूर्यपुत्र फेथॉन याचे नाव देण्यात आले. पित्याचा रथ हाकण्याचा हट्ट धरणाऱ्या या पुत्राला घोडे आवरता आले नाहीत, अशी ती कथा आहे.

कक्षा

फेथॉनच्या कक्षेची विमध्यता सुमारे ०.८९ आहे. वर्तुळाची विमध्यता शून्य असते व ती १ च्या जितकी जवळ, तितकी लंबवर्तुळाकार कक्षा अधिक लांबट असते. उपसूर्य बिंदूपाशी फेथॉन सूर्यापासून सुमारे २.१ कोटी किमी अंतरावर येतो. हे अंतर बुधाच्या उपसूर्य अंतराच्या निम्म्याहूनही कमी आहे. अपसूर्य बिंदूपाशी तो सुमारे ३६ कोटी किमी दूर, म्हणजे मंगळाच्या कक्षेपलीकडे लघुग्रहांच्या पट्ट्यात जातो. उपसूर्यापाशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०९ किमी, तर अपसूर्यापाशी केवळ ६.४ किमीच्या आसपास असतो. एका प्रदक्षिणेस सुमारे ५२४ दिवस लागतात. कक्षेचा क्रांतिवृत्ताशी कल सुमारे २२ अंश आहे. पृथ्वीची कक्षा ओलांडणाऱ्या अपोलो गटात त्याचा समावेश होतो.

भौतिक गुणधर्म

फेथॉनचा व्यास सुमारे ५ ते ६ किमी असून तो स्वतःभोवती सुमारे ३.६ तासांत एक फेरी पूर्ण करतो. त्याचा पृष्ठभाग गडद व किंचित निळसर आहे. उपसूर्यापाशी पृष्ठभागाचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. वारंवार होणाऱ्या या तापण्या-निवण्यामुळे खडकांना तडे जात असावेत, असे मानले जाते.

मिथुन उल्कावर्षावाशी संबंध

शोधानंतर लगेचच फ्रेड व्हिपल यांनी फेथॉनची कक्षा व मिथुन उल्कांची कक्षा यांतील साम्य निदर्शनास आणले. हा उल्कावर्षाव दरवर्षी १३–१४ डिसेंबरच्या सुमारास ऐन भरात असतो. उल्का पुनर्वसू नक्षत्रातील कॅस्टर ताऱ्याजवळील बिंदूतून निघाल्यासारख्या भासतात. मिथुन रास रात्री बराच काळ आकाशात उंचावर असल्याने महाराष्ट्रातूनही, शहरी उजेडापासून दूर, त्या नुसत्या डोळ्यांनी चांगल्या दिसतात.

परंतु एक कोडे उरते. उपसूर्यापाशी फेथॉन काही काळ उजळतो आणि त्याला क्षीण शेपूटही फुटते. ती धुळीची असावी, असा समज होता. २०२३ मधील संशोधनानुसार मात्र ती प्रामुख्याने सोडियम वायूची आहे. अशा उत्सर्जनातून उल्काप्रवाहातील प्रचंड द्रव्यराशीचा उलगडा होत नाही. म्हणून पूर्वी कधीतरी घडलेल्या एखाद्या उग्र घटनेत हे द्रव्य विखुरले असावे, असा एक मतप्रवाह आहे.

पृथ्वीशी सान्निध्य

आकार व कक्षा यांमुळे फेथॉनची गणना संभाव्य धोकादायक लघुग्रहांत केली जाते. ही संज्ञा वर्गीकरणाची असून नजीकच्या काळात टक्कर होईल, असा तिचा अर्थ नाही. १६ डिसेंबर २०१७ रोजी तो पृथ्वीपासून सुमारे १.०३ कोटी किमी अंतरावरून गेला. त्या वेळी आरेसिबो दुर्बिणीने त्याचे रडार वेध घेतले. डिसेंबर २०९३ मध्ये तो सुमारे ३० लाख किमी अंतरावरून, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ आठपट दुरून जाईल. जपानच्या ‘जाक्सा’ या अंतराळ संस्थेने ‘डेस्टिनी प्लस’ हे यान फेथॉनजवळून नेण्याची योजना आखली आहे.